खुर्चीतून उठण्याचा इतिहास

गेल्या दिवाळीची गोष्ट. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आम्ही नेहमीप्रमाणे सोयीच्या रविवारी उरकलं. लिव्हिंग रूममध्ये प्लास्टिक अंथरून त्यावर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, उटणं कालवलं. आईचं वय ८२. ती धरत धरत पाटावर बसली, आम्ही तिला तेल लावलं, ओवाळलं. सगळं छान झालं. पण उठायची वेळ आली तेव्हा तिला उठताच येईना. शेवटी एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने माझा मुलगा, असं दोघांनी मिळून तिला उभं केलं. सगळे हसले, आईही हसली. मग मला हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी पाट नको गं."

जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला. इथल्या एका हॉस्पिटलात अकरा दिवस काढले. न्यूमोनिया बरा झाला, पण घरी आली ती वेगळीच आई. पाट राहू दे, तिला साध्या डायनिंगच्या खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता येत नव्हतं. मी समजत होते की तिचे गुडघे गेले. घरी येणारी फिजिकल थेरपिस्ट, पंचविशीतली मुलगी, तिने तपासून सांगितलं, "गुडघे जुनेच आहेत. गेल्यात त्या मांड्या. अकरा दिवसांत." आणि तिने तीच डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, आईला त्यात बसवलं आणि व्यायाम सुरू केला.

आईला हे काही पटेना. "बसून कसला आलाय व्यायाम? व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार. नाहीतर चालणं. हे म्हणजे नाटकाची बसून केलेली तालीम झाली!" खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटत होतं. म्हातारपण म्हणजे आराम, आणि खुर्ची हे आरामाचं साधन. मग खुर्चीत बसून व्यायाम ही कल्पना आली कुठून? मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या गोष्टीतले दोन महत्त्वाचे अध्याय तर आपल्या बॉस्टनमध्येच घडले आहेत. ज्या रस्त्यांवरून आपण रोज गाडी हाकतो, त्यांच्या आसपास. ती सगळी हकिगत वाचकांना सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

जातं, लाकडी घोडा आणि वाफेची यंत्रं

म्हाताऱ्या माणसाने व्यायाम करू नये, हा समज काही आजचा नाही, आणि तो फक्त परक्यांचाही नाही. साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त व्यायामाचे गुण भरभरून सांगितले आहेत. अंग हलकं होतं, कामाची ताकद वाढते, भूक लागते, मेद झडतो. पण लगेच पुढे पथ्यही आहे: लहान मुलं, वृद्ध आणि अजीर्ण झालेल्यांनी तो टाळावा. धडधाकट माणसानेसुद्धा आपल्या निम्म्या ताकदीपर्यंतच करावा. म्हाताऱ्यांच्या वाट्याला काय, तर अभ्यंग! तेलाचं मालिश जरा आणि थकवा दूर करतं, असं तिथेच सांगितलं आहे. म्हणजे आपण दिवाळीत आजी-आजोबांना पाटावर बसवून तेल लावतो, त्यामागे मोठी परंपरा आहे.

अर्थात तेव्हा व्यायाम या शब्दाचा अर्थ घाम काढणारे श्रम असा होता. बसल्या जागी हातपाय हलवणं याला कोणी व्यायाम म्हणतच नव्हतं, कारण त्याशिवाय घर चालत नव्हतं. हे मला आईनेच दाखवून दिलं. आठवडाभर कुरकुर करून झाल्यावर एक दिवस खुर्चीत हात पुढे-मागे करता करता ती म्हणाली, "हे तर दळण झालं की!" वाईला लहानपणी तिने आजीबरोबर जातं ओढलं होतं. एक पाय लांब, एक दुमडलेला, खुंट्यावर दोघींचे हात, आणि कमरेपासून सगळं अंग गोल फिरतंय. विळीवर बसून भाजी चिरायची, ताक घुसळायचं, उकिडवं बसून अंगण सारवायचं, चुलीपुढे बसायचं आणि उठायचं. दिवसातून पन्नास वेळा जमिनीवर बसणं आणि पन्नास वेळा उठणं. आमच्या आज्यांनी व्यायामशाळेचं तोंड पाहिलं नाही, पण त्यांच्या मांड्यांना सुट्टी अशी नव्हतीच.

युरोपात मात्र श्रीमंत माणसं खुर्चीत बसून होती, त्यामुळे खुर्चीतच व्यायाम करायची युक्ती त्यांना आधी सुचली. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात 'चेंबर हॉर्स' नावाचं एक आसन होतं, म्हणजे खोलीतला घोडा. प्रसिद्ध फर्निचरकार थॉमस शेरेटन याने १७९३च्या आपल्या पुस्तकात त्याचं चित्र दिलं आहे. लाकडी फळ्या, त्यांच्यामध्ये जाड स्प्रिंगा, वरून चामडं. माणसाने वर बसायचं, हातांनी दांडे धरायचे आणि खाली-वर उसळत राहायचं. घोडेस्वारी हा तेव्हा तब्येतीला उत्तम व्यायाम मानत. ज्यांना ती झेपत नसे त्यांच्यासाठी ही घरगुती सोय.

त्यानंतर आले स्वीडनचे डॉक्टर गुस्ताव झांडर. त्यांनी १८६५ मध्ये स्टॉकहोममध्ये यंत्रांनी व्यायाम करून घेणारी संस्था काढली. रोग्याने बसायचं आणि वजनं-तरफांच्या यंत्राने त्याचा नेमका एक सांधा, एक स्नायू कामाला लावायचा. काही यंत्रं तर वाफेवर चालत. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेने ती पाहिली. आज जिममध्ये बसून पाय उचलायचं जे यंत्र दिसतं, त्याचे हे पणजोबा. पण हे सगळं पैसेवाल्यांचं कौतुक होतं. गरीब म्हाताऱ्याच्या नशिबी होतं अंथरूण.

अंथरुणाचं राज्य

एकोणिसाव्या शतकात लंडनचे सर्जन जॉन हिल्टन यांनी विश्रांती हेच निसर्गाचं औषध असं व्याख्यानांतून मांडलं. १८६३ मध्ये ती व्याख्यानं पुस्तकरूपाने आली आणि डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी ती वाचली. मोडलेलं हाड, सुजलेला सांधा यांना विश्रांती हवी, हे खरंच आहे. पण हळूहळू प्रत्येक दुखण्याला अंथरूण हेच उत्तर झालं. त्यात माणूस म्हातारा असेल तर त्याला अंथरुणातून उठवायचं कारणच उरत नसे.

हे सगळं पहिल्यांदा ज्यांच्या डोळ्यांत खुपलं त्यांत मार्जरी वॉरेन यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागेल. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलने शेजारच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमातले रुग्ण आपल्याकडे घेतले, आणि त्या ७१४ खाटांची जबाबदारी या बाईंवर आली. तिथे वर्षानुवर्षं पडून राहिलेली माणसं होती. कोणाला काय झालंय, याचं धड निदानही नव्हतं. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं. काहींना पक्षाघात होता, काहींचं हाड मोडलं होतं, आणि काहींना तर विशेष काहीच नव्हतं, फक्त त्यांना कोणी उठवलं नव्हतं! त्यांनी वॉर्डांत उजेड आणला, भिंतींना रंग दिला, धरायला कठडे बसवले, योग्य खुर्च्या आणल्या, आणि माणसांना आधी बसतं, मग उभं, मग चालतं केलं. त्यातली कितीतरी माणसं घरी गेली. १९४३ आणि १९४६ मध्ये त्यांनी यावर लिहिलेले लेख वृद्धांच्या वैद्यकशास्त्राचा पाया मानले जातात.

पुढे १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्याच डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक खुमासदार लेख लिहिला, विषय: अंथरुणात पडण्याचे धोके. एकेक अवयव घेऊन पडून राहिल्याने त्याचं काय होतं, याची यादीच त्यांनी दिली. फुप्फुसांत कफ साचतो, शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, हाडांतला कॅल्शियम जातो, स्नायू झडतात आणि मनसुद्धा खचतं. म्हणजे आमच्या आईचं अकरा दिवसांत जे झालं, ते तेव्हाच लिहून ठेवलेलं होतं!

बॉस्टनची आरामखुर्ची

आता येऊ आपल्या गावात. पूर्वी बॉस्टनमध्ये पीटर बेंट ब्रिगहॅम नावाचं हॉस्पिटल होतं. १९८० मध्ये इतर हॉस्पिटलांशी एकत्र होऊन त्याचं आजचं ब्रिगहॅम अँड विमेन्स झालं. तिथे सॅम्युएल लेव्हिन नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्या काळात हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे उताणं झोपवून ठेवत. कुशीवर वळायचं नाही, स्वतःच्या हाताने जेवायचंही नाही. हृदयाला जखम झाली आहे, तिला विश्रांती द्यायची, एवढं साधं गणित. त्या विश्रांतीत बरीच माणसं पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन दगावत.

लेव्हिन यांना वाटत होतं की हे गणितच चुकतंय. माणूस पाय खाली सोडून बसला की थोडं रक्त पायांत राहतं, हृदयाकडे कमी येतं, म्हणजे उलट हृदयालाच आराम. मग त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या बर्नार्ड लाउन या तरुण डॉक्टरने ८१ रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. लाउन यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे की वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांनी या प्रकाराला कडाडून विरोध केला. त्यांना तो रोग्याच्या जिवाशी खेळ वाटत होता. पण खुर्चीत बसल्याने त्या माणसांवर काही अनर्थ ओढवला नाही. उलट त्यांची भीती गेली, त्यांना झोप लागायला लागली, आणि "मी घरी कधी जाणार?" असं ती विचारायला लागली. १९५२ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 'आरामखुर्चीचा उपचार' अशा अर्थाच्या नावाने छापून आला. हळूहळू हार्ट अ‍ॅटॅकनंतर पडून राहण्याचे आठवडे कमी होत गेले, आणि आज तर रोग्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालवतात. याच बर्नार्ड लाउन यांनी पुढे अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची जी आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली, तिला १९८५ चं शांततेचं नोबेल मिळालं. पण मला विचाराल तर त्या आरामखुर्चीलाही एखादं नोबेल द्यायला हरकत नव्हती.

याच काळातले बॉस्टनचे दुसरे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हा त्यांनाच बोलावणं गेलं. रोग्यांनी चालावं, सायकल चालवावी, असं ते सांगत फिरत. चार्ल्स नदीच्या काठाने आपण उन्हाळ्यात ज्या सायकलच्या वाटेवर फिरायला जातो, तिला त्यांचंच नाव आहे. पाटी कितीदा वाचली असेल, पण माणूस कोण ते मला यंदा कळलं.

आणि अगदी त्याच सुमारास, १९५३ मध्ये, लंडनच्या जेरी मॉरिस यांनी बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. डबल डेकरचा ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतर करत. मुंबईत बेस्टच्या डबल डेकरमधून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना कंडक्टरची ती धावपळ सांगायला नको. दोघांचं गाव एक, नोकरी एक, पण हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त! म्हणजे अंथरुणातून खुर्चीत येणं ही प्रगती खरी, पण खुर्चीतच राहणं ही नवी अधोगती. हा पेच तेव्हापासूनचा आहे.

अंथरूण किती महागात पडतं याचा हिशेब टेक्सासमध्ये झाला. १९६६ मध्ये डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, आणि त्यांची श्रमाची क्षमता मोजली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना परत बोलावून मोजलं. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त तेव्हाच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केलं होतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून आईच्या खोलीत जाऊन आले. ती झोपली होती.

नव्वदीतले पैलवान

दुसरा बॉस्टनचा अध्याय अलीकडचा, १९९० चा. रॉझलिंडेलला वृद्धांसाठी हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तिथे टफ्ट्स विद्यापीठाच्या वार्धक्य-संशोधन केंद्रातल्या मारिया फियाटारोने या डॉक्टर बाईंनी एक धाडसी प्रयोग केला. त्यांनी तिथे राहणारी दहा माणसं निवडली, वय ८६ ते ९६. कोणाला संधिवात, कोणाला हृदयविकार, बरेचसे काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे. त्यांना यंत्रावर बसवलं आणि पायाने वजन उचलायला लावलं. अगदी हलकंफुलकं नाही, तर प्रत्येकाला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या साधारण ८० टक्के! आठवड्यातून तीन वेळा, आठ आठवडे.

दहापैकी नऊ जणांनी प्रयोग पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पटीच्या जवळपास गेली. मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला. दोघांनी काठी सोडली. नव्वदाव्या वर्षी स्नायू वाढू शकतो, हे त्याआधी कोणी गृहीतच धरलं नव्हतं. म्हातारपणी ताकद जाते ती जाते, असंच सगळे समजत. या लोकांनी दाखवलं की जाते ती बरीचशी न वापरल्याने जाते, आणि वापरली की परत येते. मात्र व्यायाम बंद केला की ती पुन्हा ओसरते, हेही तेवढंच खरं.

चार वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच बाईंनी शंभर वृद्धांवर तसाच प्रयोग केला. सरासरी वय ८७. या वेळी काहींना व्यायाम, काहींना फक्त पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, त्यांचा चालण्याचा वेग वाढला, जिने चढायची ताकद वाढली. आणि नुसतं पौष्टिक पेय घेणाऱ्यांचं काय? काही नाही! हे वाचून मला आमच्या घरातला डबा आठवला. आई हॉस्पिटलातून आल्यावर मी डिंकाचे लाडू केले होते, बदाम घालून, प्रेमाने. लाडू काही वाईट नाहीत. पण लाडू खाऊन परत रिक्लायनरवर आडवं झालं, तर त्यांचा मांडीपर्यंत काही पत्ता पोचत नाही.

टीव्हीवरची खुर्ची आणि पुण्याची खुर्ची

प्रयोगशाळेतलं यंत्र प्रत्येकाच्या घरी कसं येणार? पण खुर्ची तर प्रत्येक घरात असते. अमेरिकेत टीव्हीवर व्यायाम शिकवणारे जॅक ललेन यांनी हे फार लवकर ओळखलं. १९५१ पासून १९८५ पर्यंत त्यांचा कार्यक्रम चालला, आणि त्यात त्यांचं मुख्य साधन म्हणजे साधी घरातली खुर्ची. घरकाम करणाऱ्या बायकांना वेगळं काही विकत घ्यायला लागू नये, हा हेतू.

पण खास वृद्धांसाठी, बसूनच करायच्या व्यायामाचा कार्यक्रम म्हणजे 'सिट अँड बी फिट'. १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातून सार्वजनिक टीव्हीवर तो सुरू झाला. करणाऱ्या मेरी अ‍ॅन विल्सन या नर्स. वृद्ध आणि पोलिओचे जुने रुग्ण यांच्याबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की टीव्हीवरचा धांगडधिंगा या लोकांच्या कामाचा नाही. आपल्यापैकी ज्यांचे आई-वडील नव्वदच्या दशकात सहा-सहा महिने राहायला येत, त्यांच्या घरी दुपारी चॅनल बदलता बदलता हा कार्यक्रम नक्की लागला असेल, आणि "काय हे, बसून हात हलवताहेत" म्हणून पुढेही गेला असेल.

जपानची कथा तर आणखी गंमतशीर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९२५ मध्ये रेडिओवरून सकाळचे व्यायाम सुरू केले. विमेदार जितका जास्त जगेल तितका कंपनीचा फायदा! जपानच्या टपाल खात्याच्या विमा विभागाने ती कल्पना उचलली आणि १९२८ मध्ये तिकडे रेडिओ व्यायाम सुरू झाला. अमेरिकेतला कार्यक्रम दहा वर्षांत बंद पडला, जपानचा मात्र आजही चालू आहे. १९९९ मध्ये, आंतरराष्ट्रीय वृद्ध वर्षात, त्यांनी सर्वांना जमेल असा नवा संच आणला. तिथल्या टीव्हीवर व्यायाम दाखवताना एक जण उभं राहून करतो आणि एक जण खुर्चीत बसून. दोघांना मान सारखाच. मला ही गोष्ट फार आवडली.

आणि आपलं पुणं? बी.के.एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले ते पुण्याचेच झाले. १९७५ मध्ये त्यांची योगसंस्था उभी राहिली. ज्यांचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही, त्यांच्यापर्यंत आसन कसं न्यायचं, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि साधी घडीची लोखंडी खुर्ची वापरली. पाठ काढून टाकलेली ती खुर्ची आज जगभरच्या योगवर्गांत दिसते. लग्नाच्या हॉलमध्ये पंगतीला मांडतात तसली खुर्ची! १९५८ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना शिकवलं तेव्हा राणींनी ऐंशी ओलांडली होती. वय झालं म्हणून योग नाही, हे त्यांना मान्यच नव्हतं. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बदलला. थेरपिस्टची खुर्ची परकी होती, पुण्याची खुर्ची मात्र घरची निघाली!

खुर्चीची मर्यादा

आता थोडं सावधगिरीचं. खुर्चीतला व्यायाम हा शेवट नव्हे, ती पायरी आहे. २०१९ मध्ये पडण्याच्या धोक्यावरच्या १०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात २३ हजारांवर माणसं होती. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं. पण त्यात मुख्य वाटा तोल सांभाळण्याच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाचा होता, म्हणजे उभं राहणं, पाऊल टाकणं, उठणं-बसणं. ज्याला उभं राहता येतं त्याने कायम बसूनच व्यायाम केला, तर तोल सुधारणार नाही. ज्याला उभं राहताच येत नाही, त्याच्यासाठी मात्र बसून केलेला व्यायाम म्हणजे सर्वस्व आहे. श्वास, खांदे, हातांची पकड, घोट्यांतलं रक्त, सगळं त्यावर आहे.

म्हणूनच खुर्ची आता परीक्षाही घेते. कॅलिफोर्नियातल्या रिकली आणि जोन्स या दोघींनी १९९९ मध्ये एक साधी चाचणी मांडली. सतरा इंच उंचीची खुर्ची, हात छातीवर घडी घातलेले, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. हात टेकले तर गुण शून्य. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या तक्त्याप्रमाणे ८० ते ८४ वर्षांच्या बाईला नऊपेक्षा कमी आले, तर पडण्याचा धोका जास्त समजायचा. पुरुषाला दहापेक्षा कमी. ब्राझीलमध्ये तर क्लॉडिओ अरौजो यांनी थेट जमिनीवर बसून उठण्याची परीक्षा घेतली. ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांचा तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. हात-गुडघे टेकल्याशिवाय जे बसू-उठू शकले, ते पुढच्या वर्षांत जास्त संख्येने जिवंत राहिले. म्हणजे आमच्या आज्यांची रोजची पन्नास उठाबशी ही परीक्षाच होती, आणि त्या रोज पास होत होत्या.

मंडळी, हे सगळं वाचून मला एक गोष्ट टोचली. आईला मी किती प्रेमाने बसवून ठेवलं होतं! "तू बस, मी आणते." "तू बस, मी उचलते." इथे बाहेर बर्फ, ओळखीचं कोणी नाही, देऊळ गाडीशिवाय दूर. मग रिक्लायनर, मराठी मालिका आणि हातात चहा. आपल्याकडे पाहुण्याला आणि म्हाताऱ्याला "बसा" म्हणणं ही रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण मार्जरी वॉरेनच्या वॉर्डात माणसं वर्षानुवर्षं पडून होती ती कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. त्यांना उठवायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

थेरपिस्टने पहिल्या दिवशी तीस सेकंदांची चाचणी घेतली तेव्हा आईला शून्य मिळाला. तिला ते कळलं नाही, मी सांगितलंही नाही. मग सुरू झालं: खुर्ची भिंतीला टेकवून, चाकांची नाही, हाताची असलेली. बसून टाचा उचलणं, मग पाय सरळ करणं, पाण्याची बाटली धरून हात वर नेणं, आणि शेवटी पुढे झुकून उठण्याचा प्रयत्न. दुखलं, चक्कर आली की थांबायचं. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हे सांगायला नकोच. एप्रिलमध्ये तिला पहिल्यांदा हात न टेकता एकदा उठता आलं. उभी राहिली आणि इकडे-तिकडे बघायला लागली, जणू कोणीतरी ढकललं असावं!

आज, हा लेख लिहिताना, तिला तीस सेकंदांत आठ जमतात. तक्त्याप्रमाणे एक अजून कमी आहे. तिला आता आकडा माहीत आहे, आणि ती तो माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवते.

या दिवाळीत पाट मांडायचा की नाही, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "खुर्चीच ठेव. तेल तिथेच लाव. पण उठताना मला धरू नकोस."